माफीच्या अर्जावरचं नाव

डेसमंड मला पहिल्यांदा दिसला तो हातात ओले मोजे घेऊन. एप्रिलची दुपार होती. मिनेसोटातल्या आमच्या वसतिगृहाच्या पायऱ्यांशी उरलासुरला बर्फ वितळत होता. अजूनही वितळत्या बर्फाचा वास आला की मी मनाने त्या कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहते... फोन हातात धरून, नुसतीच.

खोलीत माझी रूममेट क्लेओ जमिनीवर पडली होती. ओठ निळसर. मिनिटाला चार श्वास. मी मोजले होते. परीक्षेसाठी जागता यावं म्हणून आम्ही दोघींनी कुणाकडून तरी गोळ्या आणल्या होत्या. तिने तिची घेतली. माझी ड्रॉवरमध्ये होती.

दारातून आत बघून डेसमंड म्हणाला, "फोन लाव ना."

"माझी स्कॉलरशिप जाईल."

"माफीचा नियम आहे. मदत बोलावणाऱ्याला शिक्षा नाही."

"तो दारूपुरता असतो."

"त्यावर नंतर भांडू. दे इकडे."

फोन त्याने केला. भिंतीवरच्या पेटीतला, नशेवर उतारा म्हणून ठेवलेला औषधाचा फवारा मी क्लेओच्या नाकात मारला. मग तो श्वास मोजत राहिला, मी तिची मान धरून बसले. मिनिटाला सहा... सात... नऊ. नऊला त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि एवढ्या गडबडीतही त्याच्या पापण्या किती लांब आहेत ते माझ्या लक्षात आलं.

रुग्णवाहिका आली. माझी गोळी मी त्यांच्या हातात ठेवली. जागं राहण्याच्या नावाखाली आत भलतंच काय आहे ते त्यांना कळायला हवं होतं. क्लेओ वाचली.

सोमवारी कॉलेजकडून माफीचा अर्ज आला. त्यावर एकच रेघ होती: मदत बोलावणाऱ्याचं नाव.

"तुझं लिही," कॅन्टीनमध्ये डेसमंड म्हणाला. "फोन तुझाच होता."

"आवाज तुझा होता."

"मला माफी घेऊन करायचंय काय? मी फक्त मोजे धुतले."

"तेही नीट नाही."

तो हसला. मग कॉफी ढवळत राहिला. "खरं लिहिलंस तर घरी पाठवतील तुला."

"माहीत आहे."

"आणि... इथे उरणाऱ्यांनी काय करायचं?"

मी अर्ज पुढे ओढला. त्याचं नाव लिहिलं.

डीन हालवर्सनबाईंनी अर्ज दोनदा वाचला. "गोळ्या तूही आणल्या होत्यास. फोन मात्र त्याने केला."

"हो."

"रुग्णवाहिका आली तेव्हा तू कुठे होतीस?"

"क्लेओजवळ."

"मग नियम तुलाही आहे, दारू असो की गोळ्या. थांबलेल्या सगळ्यांना आहे. रेघ एकच आहे, कारण आमचं ऑफिस कागदाला फार जपतं." त्यांनी चष्मा काढला. "सहा गुरुवार समुपदेशनाला यायचं. एकही चुकवायचा नाहीस, बाळ."

बाहेर डेसमंड पायरीवर बसला होता. माझा चेहरा वाचता येईना म्हणून तो उभा राहिला.

"सामान बांधायला मदत करू?"

"नको. सहा गुरुवार समुपदेशन. बस."

त्याने मोठा श्वास सोडला. "किती वाजता सुटशील?"

"चारला."

"मग चारनंतर मी येत जाईन. गुरुवारी."

"सहाच?"

त्याचे कान लाल झाले. "नाही..." तो म्हणाला, "मला सगळेच हवेत."