अस्तराखालचं नाव

सात वाजून दहा मिनिटांनी सगळं सुरू झालं. रात्र बुधवारची, डिसेंबरची तीन तारीख. थोरले काका हे वेळेसकट सांगतात, कारण त्या दिवशी चित्रसंग्रहालयाच्या फाटकावर पहाऱ्याला तेच होते आणि आत कोण कधी गेलं ते त्यांनीच वहीत लिहिलं होतं. जेवणं झाली, पोरं पांघरुणात शिरली, दिवा बारीक केला की काका ही गोष्ट काढतात. मधे बोलायचं नाही, म्हणतात, आणि भ्यायचं असेल त्यांनी आत्ताच भिऊन घ्या, नंतर वेळ मिळणार नाही.

तर आत गेला तो खिळेमास्तर. खरं नाव कुणी घेतच नव्हतं. भिंतीवर चित्र टांगण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नुसत्या नजरेनं खिळा मारायचा आणि चित्र केसभर तिरकं निघायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मोठं प्रदर्शन उघडायचं होतं. एका नावाजलेल्या चित्रकाराची अकरा चित्रं, तिसऱ्या दालनात. दहा चित्रांखाली नावाच्या पाट्या लागल्या होत्या, एक राहिली होती. ती चिकटवायची आणि घरी जायचं. जाताना काकांना म्हणाला, चहा ठेवा, हा आलोच.

पण पाच मिनिटांच्या त्या कामाला त्याचा पाय उचलत नव्हता. का, ते काकांना नंतर कळलं.

ती चित्रं त्या चित्रकाराची नव्हतीच. त्याच्या बायकोची होती. खिळेमास्तर तिला ताई म्हणायचा, सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त मानायचा. तान्हं बाळ झोपलं की ती घाईघाईनं चित्र काढायला बसायची, एक कान पाळण्याकडे ठेवून. चित्र पुरं झालं की नवरा खाली स्वतःची सही ठोकायचा. ती भांडली नाही. फक्त प्रत्येक चित्राच्या पाठीवर, उघड्या कापडावर, कोळशानं आपलं नाव लिहायची, आणि त्या दिवशी बाळ केवढं झालं ते. 'बाळ आज सात महिन्यांचं. आधाराशिवाय बसलं.' 'बाळ आज अकरा महिन्यांचं. भिंत धरून उभं राहिलं.' शेवटच्या आजारात तिनं खिळेमास्तरचा हात धरला होता. "दादा, ही चित्रं कधी लोकांपुढे लागली तर त्यांच्या पाठी दाखव. एवढं माझं कर."

त्यानं शब्द दिला होता.

बाळ मोठं झालं. तेच आता संग्रहालयाचे साहेब. जुन्या चित्राचं कापड विरलं की त्याला टिकाव यावा म्हणून मागून नवं कापड चिकटवतात, त्याला अस्तर म्हणतात. त्यात वावगं काही नाही. पण ही कापडं अजून खणखणीत होती. तरी महिन्यापूर्वी साहेबांनी खिळेमास्तरला खोलीत बोलावलं, दार लावलं. "मामा, अकराही चित्रांना अस्तर लावून टाका. बाबांचं नाव झालंय. आता पाठी उकरून कुणाचं भलं होणार आहे?" साहेबांनी पाठी वाचल्या होत्या, हे उघड होतं. आपण कधी बसलो, कधी उभे राहिलो, सगळं वाचूनच बोलत होते. खिळेमास्तरनं मान खाली घातली. नोकरीची दोनच वर्षं उरली होती. ज्या हातानं शब्द दिला त्याच हातानं त्यानं खळ लावली आणि तिचं नाव बुजवलं.

असा हा माणूस त्या रात्री दालनात शिरला. दिवे चालू होते. खिडक्या बंद. पाटी लावायला वाकला तर दिसलं, पहिलं चित्र तिरकं. त्याच्या हातचं, आणि तिरकं? सरळ केलं. वळला. दुसरं तिरकं. तेही सरळ केलं. म्हातारा झालास रे, असं स्वतःशीच म्हणाला.

मागे पाहिलं तर पहिलं चित्र भिंतीकडे तोंड करून होतं.

पाठ बाहेर. पांढरं अस्तर बाहेर.

दोन खिळ्यांवरचं चित्र आपोआप उलटत नाही. उतरवायलाच दोन माणसं लागतात.

दुसरंही फिरलं होतं. तिसरंही. त्यानं डोळे मिटले. उघडले. सहा.

मग आवाज आला. अस्तराच्या आतून. नखानं कापड खरवडल्यासारखा. हळू. थांबून थांबून. आणि त्याच्याही मागून, कुणी रडतं मूल निजवावं तसं... श्श... श्श...

"ताई?"

आवाज थांबला.

"ताई, मला साहेबांनी... मी काय..."

तो पुढच्या चित्राकडे वळला.

"ताई..."

अकराही चित्रांची पाठ त्याच्याकडे होती.

तो बाहेर आला त्याची वेळ वहीत आहे, आठ वाजून दोन मिनिटं. पाटी हातातच. चहा प्यायला नाही, घरी गेला नाही, काकांच्या बाकावर उजाडेपर्यंत बसून राहिला. उजाडल्यावर बोलला. काका त्याला घेऊन आत गेले. चित्रं सगळी सुलटी, सरळ, केसभर तिरकी नाहीत. भास झाला तुला, काका म्हणाले. तो म्हणाला, पाटी राहिलेलं अकरावं उतरवू या. दोघांनी मिळून उतरवलं.

अस्तर जसंच्या तसं होतं, कुठे सुटलेलं नाही. पण त्या कोऱ्या कापडावर, बाहेरून, कोळशाची एक ओळ होती. अक्षर तिचं. खिळेमास्तरनं लगेच ओळखलं.

'बाळ आज एकतीस वर्षं चार महिने नऊ दिवसांचं.'

खाली नाव नव्हतं. आणि पुढे, बाळानं त्या दिवशी काय केलं ते ती जिथे लिहायची, तिथे काहीच लिहिलं नव्हतं. जागा तेवढी सोडली होती.

साहेब आले. वाचलं. बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. हिशेब दिवसासकट बरोबर होता. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "मामा, यावर दुसरं अस्तर लावा."

इतकी वर्षं खिळेमास्तर त्यांना अहोजाहो करत होता. त्यानं हातोडी आणि ती राहिलेली पाटी त्यांच्या हातात ठेवली.

"बाळा, आता तू लाव," म्हणाला, आणि निघून गेला.

प्रदर्शन दहाला उघडलं. दुसरं अस्तर लागलं की नाही, काकांना ठाऊक नाही. चित्र अजून तिथेच आहे आणि पाठ कुणाला दिसत नाही. सोडलेली जागा अजून कोरी आहे का, तेही कुणी पाहिलेलं नाही.

काका इथे थांबतात, दिवा मोठा करतात आणि पोरीबाळींकडे बघून एवढंच सांगतात. हातानं काही केलंत तर नाव पाठीवर लिहू नका, पुढे लिहा, सगळ्यांना दिसेल असं. आणि भेटेल त्या प्रत्येकीला हे सांगा.