नळाच्या आत

"भिंती तपासता, मग नळ कोण तपासणार?" नळवाल्याच्या बायकोने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा इस्पितळात काचेवर नमुने तपासणाऱ्या, काचवाल्या डॉक्टरीणबाईंचा पारा चढला. तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या त्या. माणसं त्यांना ठाऊक नसत, बरण्यांवरचे नंबर ठाऊक. त्यांनी सुनावलं, की तुमच्या नवऱ्याचं रक्त स्वच्छ, कातडी स्वच्छ, गाठ औषधालाही नाही. डोकं फिरलंय. पाच वाजता वेड्यांच्या इस्पितळाची गाडी येईल, तीत बसवा.

बाई हलली नाही. तिचा ओठ फाटला होता. सकाळीच नवऱ्याने पलंगाला बांधलेले पट्टे तोडून वॉर्डबॉयचा हात मोडला, तिला पलंगाच्या गजावर आपटलं, आणि स्वतःच्याच हाताचा, कोपराखालचा, दातांनी लचका काढला. तो तिने ओल्या फडक्यात आणला होता. अजून कोमट होता.

ब्याद टळावी म्हणून डॉक्टरीणबाईंनी तो गोठवून काप काढला. कातडी निर्दोष. चरबी निर्दोष. बारीक रक्तवाहिन्यांवरून डोळा सवयीने पुढे सरकला. आत काय, रक्तच असणार. मग तो थबकला. मागे आला.

आत रक्त नव्हतं. काळ्या, टपोऱ्या पेशी खच्चून भरल्या होत्या, दबा धरून. एकीनेही भिंत ओलांडली नव्हती.

त्यांनी नळवाल्याच्या जुन्या काचा काढल्या, 'निर्दोष' लिहिलेल्या, स्वतःच्याच सहीच्या. तिथेही त्याच पेशी. रक्तवाहिन्यांच्या आत लपणारा कर्करोग, लिम्फोमा. पुस्तकात वाचलेला, आणि दोनदा डोळ्यांदेखत निसटलेला.

फोन झाला. गाडी रद्द झाली, औषध चढायला लागलं. पण मान खाली घालणं डॉक्टरीणबाईंच्या रक्तात नव्हतं. कुठल्या डॉक्टरने पढवून पाठवलं तुम्हाला, नाव सांगा, म्हणून त्या पुन्हा कडाडल्या.

"कुणी नाही. ह्यांनीच सांगितलं. काल दुपारी ह्यांच्या हातावर डोकं टेकून पडले होते मी... तेव्हा ऐकलं. भिंती नको, नळ उघडायला सांग."

"भ्रमात बरळणारा माणूस असं धड बोलतो होय? थापा मारू नका."

बायको फडताळाकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "बोलतील कसे, डॉक्टरीणबाई... परवा सोमवारी फिटच्या झटक्यात ह्यांनी चावून तोडलेली जीभ तुमच्याच त्या फडताळात, बरणीत आहे."