उरलेली पावणेसात वर्षे

कारागृहाच्या मापनकक्षाला खिडकी नव्हती आणि भिंतीवर घड्याळही नव्हते. मापन चालू असताना कैद्याला बाहेरच्या वेळेचा सुगावा लागू नये, हा नियम डॉ. शर्मिष्ठा नाईकनवरे यांनी स्वतःच लिहिलेला होता. आज त्या पडद्यावरच्या एका आकड्याकडे बराच वेळ पाहत होत्या. आकडा अचूक होता, आणि तेच त्यांना सलत होते.

“वत्सला खरात. गुन्ह्याची श्रेणी तीन. शिक्षा सात वर्षं,” त्यांनी वाचले. “भोगून झालेली, सव्वाचार. आणि आत येऊन किती झाली?”

“अकरा,” अधीक्षक तानाजी ढोबळे म्हणाले. “आमच्याकडचा विक्रम आहे हा. सातवाली बाई इतकी कधी राहिलेली नाही. दोष तिचाच आहे, मॅडम. तिला कंटाळाच येत नाही.”

नव्या दंडसंहितेने गुन्ह्यांच्या पाच श्रेणी पाडल्या होत्या आणि प्रत्येक श्रेणीची मुदत अनुभूत, म्हणजे मनाला जाणवलेल्या, वर्षांत ठरवून दिली होती. विशीतल्या मुलाचे एक वर्ष आणि सत्तरीतल्या माणसाचे एक वर्ष सारखे नसते; मग एकाच गुन्ह्याला दोघांना सारखी शिक्षा द्यायची, तर ती दिनदर्शिकेने मोजून कशी चालेल, हा डॉक्टरांचा युक्तिवाद तेव्हा सर्वांना पटला होता. प्रत्येक कैद्याच्या कानामागे कालबोधमापक बसवण्यात आला. मेंदूला काळ किती संथ किंवा किती भरभर जातो आहे, याची तो अखंड नोंद ठेवत असे. कैदी त्याला नुसते ‘पट्टी’ म्हणत.

या सुधारणेचा खरा अर्थ कैद्यांनी डॉक्टरांच्याही आधी ओळखला. जीव रमला की पट्टी रेंगाळते आणि जीव कंटाळला की धावते. ज्याला लवकर सुटायचे असेल त्याने काही वाचू नये, कोणाशी बोलू नये, सकाळी उठून भिंतीकडे तोंड करून बसावे. याला बराकीत ‘भिंत धरणे’ म्हणत. सकीना तांबोळी नावाच्या बाईने बाहेर ठेवलेल्या तान्ह्या मुलीसाठी अशी भिंत धरली आणि सात वर्षांची शिक्षा साडेचार वर्षांत संपवली.

वत्सलाबाईंनी भिंत धरली नाही. त्या पूर्वी कालव्याच्या पंपगृहावर काम करत. खालच्या गावाचे पाणी महिनाभर अडवून ठेवले होते, म्हणून त्यांनी परवानगीवाचून दरवाजा उघडला, आणि कोरड्या कालव्यात उतरलेला एक चौकीदार त्या लोंढ्यात वाहून गेला. हा गुन्हा त्यांनी कधी नाकारला नाही. तुरुंगात त्या मोडी लिपी शिकल्या. पुराभिलेखागारातून जुन्या कागदांच्या प्रती येत. त्या वाचून देवनागरीत उतरवणे हे त्यांचे काम झाले. पुढे बराकीतल्या नऊजणींना त्यांनी मोडी शिकवली. त्या नऊजणींच्याही पट्ट्या आता रेंगाळू लागल्या होत्या.

शिपायाने वत्सलाबाईंना आत आणून सोडले. शेचाळीस वर्षांच्या, बारीक चणीच्या बाई. बोटांना शाई होती.

“बसा, बाई,” डॉक्टर म्हणाल्या. “एक प्रश्न विचारते. गेली अकरा वर्षं मागं वळून पाहिली, तर किती वाटतात?”

“पुष्कळ,” त्या हसल्या. “मोडी येत नव्हती ती वत्सला तर मला दुसऱ्या कुणाच्या जन्मातली वाटते.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि त्या ढोबळ्यांकडे वळल्या. “माझी चूक इथं झाली. मी काळ जाताना मोजला. पण माणूस काळ दोनदा अनुभवतो, एकदा जाताना आणि एकदा आठवताना. आणि हे दोन्ही एकमेकांच्या उलट असतात. भरलेला दिवस भर्रकन जातो, पण आठवणीत मोठी जागा घेतो. रिकामा दिवस जाता जात नाही, आणि नंतर त्याचं काही उरतही नाही. मी स्मृतिमापनाची पद्धत बसवली आहे. प्राथमिक अंदाज सांगते. बाईंच्या आठवणीत ही अकरा वर्षं एकोणीस वर्षांइतकी आहेत.”

“म्हणजे शिक्षा कधीच संपली?”

“कधीच. रीतसर चाचणी झाली की मापनपद्धती मान्य करणाऱ्या मंडळाला मी तसं लिहून देईन. पण पद्धत सिद्ध करायला, पट्टीपेक्षा आठवणीत एवढा जास्त काळ भरलेली दुसरी व्यक्ती माझ्यापाशी नाही. त्यामुळे यांची संमती हवी.”

ढोबळे वाईट मनाचे गृहस्थ नव्हते, पण नियमांत मुरलेले होते. त्यांनी चष्मा पुसला. “मॅडम, कलम चौदा वाचलंत का? मापनाची सुधारित पद्धत मान्य झाली, तर ती सर्वांना लागू होते. सुटलेल्यांनासुद्धा. समानतेसाठी तुम्हीच घालायला लावलं होतंत ते.”

डॉक्टरांचे बोट पडद्यावरच्या सुटलेल्यांच्या यादीवर गेले.

“त्या सकीनाला आठवणीत किती वर्षं भरतील?” ढोबळ्यांनी विचारले.

“अकरा महिने,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. “सुटल्यावर मी तिला भेटून अंदाज काढला होता. मधलं काही आठवतच नाही म्हणाली.”

“म्हणजे सहा वर्षं एक महिना बाकी. तिला आणायला गाडी पाठवावी लागेल. तिला आणि तिच्यासारख्या तीनशेबारा जणींना.”

“मग मी चाचणीला बसत नाही,” वत्सलाबाई म्हणाल्या.

“बाई, विचार करा,” डॉक्टर कळवळून म्हणाल्या. “तुमच्या पट्टीचा वेग असाच राहिला, तर अजून सात वर्षं जातील.”

“केला विचार. सकीनाची पोरगी आता शाळेत जाते. तिच्या आईच्या पाठीवर पाय देऊन मला बाहेर पडायचं नाही.”

“तर मग भिंत धरा,” ढोबळे म्हणाले. “दोनेक वर्षांत मोकळ्या व्हाल. तुमच्या भल्याचं सांगतोय.”

“दोन वर्षं मरून दाखवू म्हणता? सात वर्षं मला न्यायाधीशांनी दिली, ती मी घेतली. एक माणूस गेला माझ्या हातून. पण मी मठ्ठ व्हावं, असं त्यांच्या निकालपत्रात कुठं लिहिलेलं नाही.” त्या खुर्ची ओढून टेबलाशी सरकल्या. “साहेब, दुसऱ्यांचे जुने कागद वाचता वाचता मला स्वतःचेही वाचायची सवय लागली. सकीनाची सात वर्षं पट्टीवर भरली, तेव्हा तुमच्या आधीच्या अधीक्षकांनी तिला आणखी अकरा दिवस ठेवून घेतलं होतं. आठवतं?”

“आठवतं. कॅलेंडरनं वर्षं भरली नाहीत, म्हणून.”

“त्यावर न्यायालय काय म्हणालं?”

उत्तर डॉक्टरांनी दिले. “शिक्षा म्हणजे फक्त अनुभूत काल. त्याखेरीज कोणालाही कोंडून ठेवलं, तर तो बेकायदा बंदिवास. कलम एक्याऐंशी.”

“श्रेणी दोन,” वत्सलाबाई म्हणाल्या. “माझ्याहून वरची. दहा वर्षं. आता माझा हिशेब करा. मी अकरा वर्षं कोंडलेली आहे. तुमची पट्टी म्हणते, त्यातली सव्वाचारच शिक्षा. मग उरलेली पावणेसात वर्षं मी इथं कोणत्या कलमाखाली होते?”

ढोबळ्यांनी पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला.

“शब्दांचा खेळ आहे हा,” ढोबळे म्हणाले.

“खेळ नाही. अकरा दिवसांपायी तुमच्या आधीच्या साहेबांना दोषी धरलं. पावणेसात वर्षांना काय धरतील, ते तुम्ही सांगा. यासाठी मला नवी चाचणी नको, कलम चौदा नको, आणि सकीनाला कुणी हात लावायचं कारण नाही. तिचं पट्टीवर पूर्ण भरलंय.”

ढोबळे झटकन डॉक्टरांकडे वळले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “मॅडम, पट्टी चुकली असेल. पहिली काही वर्षं यंत्रं जुनी होती. सव्वाचार नाही, सात झाली, एवढं तुम्ही लिहून द्या. बाई आज सुटतील. सगळ्यांचंच भलं होईल.”

डॉक्टरांनी वत्सलाबाईंकडे पाहिले. एका सहीने ही बाई संध्याकाळच्या आत बाहेर पडणार होती. वत्सलाबाईंनी नकारार्थी मान हलवली.

“बाकीच्या नऊजणींचं काय मग? त्यांच्यासाठी किती पट्ट्या चुकवणार?” त्या म्हणाल्या.

“मापन अचूक आहे,” डॉ. नाईकनवरे म्हणाल्या. “त्यातला एक-एक दिवस मी शपथेवर सिद्ध करीन, साहेब. सव्वाचार म्हणजे सव्वाचारच. मोजलं मी, कोंडलंत तुम्ही. न्यायालयात दोघंही उभे राहू.”

ढोबळे खुर्चीत बसले. मग त्यांनी सुटकेच्या आदेशाचा कोरा कागद पुढे ओढला, पण पेन टेकवले नाही. “कारण काय लिहू? ‘शिक्षा पूर्ण’ लिहिता येत नाही. दुसरं काही लिहिलं तर माझ्याच हातानं मी गुन्हा कबूल करतो. बाई, मी दार उघडतो. कागदाशिवाय जा. कोणी अडवणार नाही.”

“पळालेली कैदी म्हणून उद्या पकडायला?”

“मग मला विचारायला वेळ द्या. वर फोन करावा लागेल.”

“करा की. मी बसले आहे.” वत्सलाबाईंनी कानामागे हात नेला, पट्टी सोडवली आणि त्यांच्यासमोर कागदावर ठेवली. पडद्यावरचा आकडा थांबला. “फक्त आता ही काही मोजत नाही. तेव्हा हा तास माझ्या शिक्षेतला नाही, साहेब. तो कोणाच्या गुन्ह्यात धरायचा, तेही वर विचारून घ्या.”