मिस्सेतलं एक जादा नाव

माझा क्रेग जेवताना बोलतो, आणि तेही मेलेल्या माणसाबद्दल. ऑर्विल टिंकम नावाचा कुणी अमेरिकन होता म्हणे. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, संगीत रचायचा. आखातातल्या आमच्या अदलियाच्या घरात नाश्त्याला पाव कमी आणि टिंकम जास्त. बुटका होता, मोठेपणीही पाय पेडलला जेमतेम पोचायचे. तोंडात सदा पेपरमिंट. सगळा जन्म एकाच चर्चात वाजवलं, शेकडो लग्नं वाजवली, एकालाही उशीर नाही. स्वतः लग्न केलं नाही.

"शहाणा होता," मी म्हटलं. सून रीटा हसली.

आमचा क्रेग मात्र माझ्या पोटातूनसुद्धा उशिरा आला.

माझ्या धाकट्या लेकीचं, मेलिसाचं लग्न ठरलं. व्याही वांद्र्याचे, नाकं छताला. ऑर्गनला क्रेग बसणार, नवरी आत येताना टिंकमचा मार्च वाजवणार. त्यात एका जागी क्रेगचा डावा पाय हमखास अडखळायचा.

लग्नाआधी आमच्या रीतीने घरातल्या मयतांसाठी चर्चात प्रार्थनेची मिस्सा घातली. नावं मी तोंडी सांगितली. सासू, सासरे, माझा नवरा पास्कल, आणि रोज कानावर आदळून जिभेवर बसलेलं ते नाव. फादरांनी वेदीवरून सगळी वाचली.

"मम्मी! ही वॉजन्ट इव्हन कॅथलिक!" क्रेग पुटपुटला.

"रोज माझ्या टेबलावर येतो तो घरचाच." चुकले म्हणायची मला सवय नाही.

दुसऱ्या सकाळी क्रेगच्या घरच्या ऑर्गनचं स्टूल फिरवून बुटकं केलेलं. क्रेग सहा फुटी. त्याने वर केलं, पुढल्या सकाळी पुन्हा खाली. जिन्यात पेपरमिंटचा वास.

"आई, तुम्ही खाता का हो?" रीटाने विचारलं.

"माझ्या कवळीला चिकटतं ते," मी म्हटलं.

लग्नाच्या दिवशी क्रेगसाहेब गाडी घेऊन सलमाबादला भाड्याचे स्पीकर आणायला गेले. फोन लागेना. मेलिसा फुलं घेऊन चर्चच्या दारात उभी. विहीणबाई घड्याळ बघून माझ्याकडे बघत होत्या. मी रोझरी घट्ट धरली. माझी पोर संगीताविना मुक्यानं चालत जाणार होती.

तेवढ्यात वर गाणाऱ्यांच्या माडीवर ऑर्गन सुरू झाला.

टिंकमचा मार्च. ती अवघड जागा आली आणि लोण्यासारखी गेली. मेलिसा राणीसारखी चालली. मी विहीणबाईंना कोपर मारलं, "माझ्या लेकाचे पाय!"

तेव्हाच बाजूच्या दारातून क्रेग आत आला. घामाघूम, हाताला टायरचं काळं.

वर ऑर्गन वाजतच होता.

वर कॉयरमध्ये गाणारी रीटा खाली आली ती पांढरीफटक. मी काही विचारलं नाही. लग्न झोकात लागलं होतं.

हॉलकडे निघालो. क्रेग गाडी चालवत होता, मी पुढे. रीटा मेलिसाबरोबर गेली होती. गाडी सुरू होताच टिंग टिंग. मागच्या सीटवरच्यानं बेल्ट लावलेला नाही, असा दिवा.

"मागे काय ठेवलंयस?" मी विचारलं.

"काहीच नाही, मम्मी."

मागे खट्ट झालं. टिंग टिंग थांबली.

मग गोळीचा कागद सोलल्याचा आवाज.

मी मागे वळले नाही. पदर सारखा केला आणि क्रेगला म्हटलं, "मी एकदाच घरचा म्हटलं, तर तो वेळेवर आला. तुला चाळीस वर्षं म्हणतेय."