उबेकडे सरकणारा बुडबुडा

"बाबा, घरात माणसं तीन आणि ताटं चार, असं का?"

मैत्रिणींची पैज होती: हे विचारलंस तर महिनाभर तुझं दप्तर आम्ही उचलू. त्यांना वाटलं, हिची कसली हिंमत होतेय! पण वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून चिमणीची जीभ चांगलीच सुटली होती.

आईचा वाढता हात हवेतच थांबला. ताई तापात गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. तिचं नाव घरात कुणी काढत नसे.

बाबा दगडांना पैलू पाडायचे. ते कामाच्या खोलीतून एक स्फटिक घेऊन आले आणि त्यांनी तो टेबलाच्या मधोमध, दिव्याखाली ठेवला. आत केसांसारख्या सोनेरी सुया. त्यांच्यामध्ये इवल्याशा पोकळीत पाणी. पाण्यात एक बुडबुडा. कड काळी कुळकुळीत, पोटात दिव्याचा ठिपका.

"दगड घडताना कोंडलं गेलेलं पाणी आहे हे," बाबा म्हणाले. "बुडबुडा उबेकडे सरकतो. बोट लाव."

चिमणीने बोट लावलं. बुडबुडा हलला, पण बोटाकडे नाही. सुयांमागून सरकत तो ताईच्या रिकाम्या खुर्चीच्या बाजूला जाऊन चिकटला.

"रोज तिकडेच जातो," आई म्हणाली. "मग पोरीला उपाशी कसं ठेवू?"

"काहीतरीच काय, आई! टेबल कललं असेल."

चिमणीने पातळी मोजणारं ॲप लावून मोबाइल टेबलावर आडवा ठेवून पाहिला. टेबल सपाट होतं. दगड फिरवला. दुसऱ्या बाजूने वाफाळता कप दगडाला खेटून ठेवला. बुडबुडा वळून पुन्हा तिकडेच.

आईबाबा त्या ठिपक्यात हरवून गेले होते. समोर दुसरी मुलगी बसलीय, तिने बक्षीस आणलंय, याचं भान त्यांना वर्षभर नव्हतंच.

चिमणी तरातरा उठली आणि ताईच्या खुर्चीत जाऊन बसली. "आता बघू कुठे जातोय!"

खुर्ची कोमट होती. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

बुडबुडा सुटला. सुयांतून वाट काढत पलीकडे गेला. चिमणीने आत्ताच सोडलेल्या खुर्चीकडे.

आईने चिमणीचं ताट त्या खुर्चीकडे सरकवलं. "चिमणे, जेव ना गं," ती त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली.

"आई, मी इथे आहे!"

कुणी मान वर केली नाही.

चिमणीने आईचा हात धरला. आई शहारली. "केवढं गार वारं आलं!"

बाबांनी उठून खिडकी लावली.

चिमणीने स्पर्धेतला खणखणीत आवाज काढला.

"आईबाबा, मी ठरवलंय. तुम्ही माझ्याकडे बघेपर्यंत मी या खुर्चीतून उठणार नाही."