रिकाम्या घरट्यावरची छत्री

त्या दुपारी चिंबोरी एका रिकाम्या घरट्यावर छत्री धरून उभी होती.

चिंबोरी म्हणजे आमच्या किनाऱ्यावरचा खेकड्याच्या आकाराचा रोबो. समुद्री कासवं वाळूत अंडी घालून निघून जातात. ती अंडी आम्ही जाळीच्या कुंपणात आणून पुरतो. एखाद्या घरट्याची वाळू तेहतीस अंशांच्या वर तापली, की चिंबोरीनं तिथं जाऊन सावली करायची. आणि ही शहाणी उभी होती तीन नंबरवर, जिथली पिल्लं चार दिवसांपूर्वीच समुद्रात गेली होती.

"हिलाच ऊन लागलंय," मी आबांना म्हटलं. आबा म्हणजे माझे आजोबा. किनाऱ्यावरची सगळी यंत्रं त्यांनीच बसवलेली.

आबा हसले नाहीत. "अबोली, नऊ नंबर किती दाखवतोय?"

मी पडद्यावर पाहिलं. नऊची चौकट नेहमीसारखीच कोरी. तीनची मात्र लाल झालेली, ३४.२.

नऊ नंबर माझा होता. त्या कासवीच्या पावलांचा माग मला सापडला होता. एकशे बारा अंडी मी स्वतः मोजून टोपलीत ठेवली होती.

"तीनमधला सेन्सर कुठाय?"

"मी नऊला दिला." आमच्याकडे रीतच आहे तशी. थोरल्याचे कपडे धाकट्याला, तसा रिकाम्या घरट्यातला सेन्सर (तापमान मोजणारं बारीक यंत्र) पुढच्या घरट्याला. सेन्सर मोजकेच ना!

"आणि पडद्याला सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. ३४.२ तीनचं नव्हतंच. माझी अंडी भाजत होती आणि मी चिंबोरीची टिंगल करत बसले होते.

आबांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि नऊवर दोन्ही हातांनी ताणून धरला. "मी आहे इथं. तू पडदा बघ. सेन्सर दर मिनिटाला निरोप पाठवतो. तो आधी जातो मेसेज ब्रोकरकडे (निरोप घेऊन ज्याला हवा त्याला देणारा मध्यस्थ). त्याला घरटी-बिरटी कळत नाहीत. 'तीन नंबर सेन्सरचा निरोप आलाय', एवढंच तो सांगतो."

"मग घरटं कोण ठरवतं?"

"आपण. तुझ्यासमोरचा पडदा म्हणजे आयओटी प्लॅटफॉर्म (वस्तूंचे निरोप मांडून ठेवणारी आणि त्यावरून कामं सांगणारी यंत्रणा). कुठला निरोप कुठल्या चौकटीत टाकायचा, ते त्याला सांगणं म्हणजे मॅपिंग (जोडणी). सेन्सर हलला, जोडणी जुनीच राहिली."

"पण मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही, आबा." मला रडूच यायला लागलं होतं.

"परीक्षेत 'जोड्या लावा' येतात ना? तेच कर."

पडद्यावर डावीकडे निरोप होते, उजवीकडे चौकटी. तीनची जुनी रेघ मी बोटानं पुसली आणि नवी ओढली, तीन नंबर सेन्सरपासून नऊ नंबर घरट्यापर्यंत. निरोपात दोन आकडे होते. ३४.२ मी तापमानाला जोडला. ८० पण घाईत तिथंच नेत होते.

"अगं, ती बॅटरी! ऐंशी अंश दिसले तर चिंबोरी मांडवच घालेल."

नऊ लाल झाला. तिकडे चिंबोरीनं छत्री मिटली, तुरुतुरु आली आणि आबांच्या पायाला ढुशा देत राहिली. ते बाजूला झाल्यावर तिनं छत्री उघडली.

संध्याकाळी आकडा तेहतीसच्या खाली आला. "जगतील ना?" मी विचारलं.

"माहीत नाही, बाय. वाट बघू." आबा खोटं कधी बोलत नाहीत.

अकराव्या दिवशी सूर्य उगवताना वाळू हलली. एक्क्याण्णव पिल्लं पाण्यात गेली. मी खूप रडले, आनंदानं. एकवीस अंडी उबली नाहीत. ती माझ्यामुळे गेली का, हे कुणीच सांगू शकणार नाही.

मी सेन्सर काढून धुतला आणि मुठीत घट्ट धरला. थोड्या वेळानं पाहते तर चिंबोरी रिकाम्या नऊवर छत्री धरून उभी. पडद्यावर ३४.१.

या वेळी मला कारण माहीत होतं. ती माझ्या मुठीची ऊब होती.

मी आधी पडद्याकडे गेले. नऊची रेघ पुसली, चौदा नंबरच्या नव्या घरट्याला जोडली.

"पुढच्या वर्षी शेजारच्या तीन किनाऱ्यांवर सेन्सर लागणार आहेत," आबा म्हणाले. "तिथल्या पोरांना जोडण्या कोण शिकवणार?"

"मी," म्हटलं आणि चौदाकडे निघाले. चिंबोरी माझ्याआधीच तिथं पोचली होती. तिच्या छत्रीच्या सावलीत बसून आबांनी आणि मी सेन्सर पुरला.