कोरडी नळी

वाशिंदच्या शेडमध्ये दोन सख्खे भाऊ मेले, असा फोन भर दुपारी आला. फौजदार रंजिता वेखंडे पोहोचल्या तेव्हा अग्निशमनचे जवान मास्क लावून प्रेतं वर काढत होते. भगीरथ आणि अनंता, खर्डीजवळच्या पाड्यावरचे. भगीरथ इथे मेकॅनिक. धाकटा अनंता त्याला भेटायला आलेला.

गाड्या खालून दुरुस्त करायच्या खड्ड्यावर उभी होती हायड्रोजनवर चालणारी गाडी. ती बनवणारा इंजिनिअर, शेडचा मालक हर्षित, डोळे पुसत होता. गाडीची टाकी गळली, खाली काम करणारा भगीरथ गुदमरला, त्याला काढायला अनंता उतरला आणि तोही गेला, असं त्याने सांगितलं.

"गळती कळली कशी?"

"वास आला. हायड्रोजनचा. मी बाहेर पळालो."

"गाडी आज चालवली होती?"

"तासाभरापूर्वीच हायवेवरून आणली. हिच्यातून धूर नाही मॅडम, फक्त पाणी पडतं."

रंजिता वाकल्या. मागच्या नळीत बोट घातलं. बोटाला धूळ लागली.

गेटवरचा विठू बोलायला घाबरत होता. अनंता आला तेव्हा मालक आतच होते का, असं विचारल्यावर तो हळूच म्हणाला, "दारात होते. भगीरथ खाली पडलाय, म्हणाले. पोरगा धावला. त्यांनी आडवला नाय."

छताचे झरोके सताड उघडे होते. जवानांचं हायड्रोजन मोजायचं यंत्र शून्य दाखवत होतं. गाडी ढकलून बाजूला घेतली, तेव्हा एका जवानाने पेटता काकडा तारेला बांधून खड्ड्यात सोडला. कमरेएवढा खाली जाताच तो गप्पकन विझला.

कोपऱ्यात वेल्डिंगच्या आरगॉन वायूचं सिलिंडर होतं. विठू म्हणाला, कालच भरून आलं. आज ते रिकामं होतं, आणि शेडमध्ये नवा जोड एकही नव्हता.

रंजितांनी हर्षितला खुर्चीवर बसवलं.

"हायड्रोजन हवेहून हलका. गळला असता तर झरोक्यांतून वर गेला असता, खड्ड्यात साचला नसता. त्याला वासही नसतो. तुम्ही इंजिनिअर, तुम्हाला हे ठाऊक आहे. पण आम्हाला नसेल असं वाटलं."

हर्षितने पुन्हा रुमालाने डोळे पुसले.

"आरगॉन जड. दिसत नाही, वास नाही. तुम्ही तो खड्ड्यात भरून ठेवलात आणि भगीरथला खाली पाठवलंत. दोन श्वासांत माणूस कोसळतो."

"मी कशाला मारीन त्याला?"

त्यांनी गाडीची मागची सीट उचलायला लावली. खाली बॅटऱ्या रचलेल्या होत्या. हायड्रोजनपासून वीज करणारा सेल पुढे होता, पण त्याची एकही तार कशाला जोडलेली नव्हती.

"म्हणून नळी कोरडी. उद्या गुंतवणूकदार येणार होते, आणि भगीरथ त्यांना खरं सांगणार होता. सकाळचं तुमचं भांडण विठूने ऐकलंय."

हर्षितने होकारार्थी मान हलवली.

"आणि अनंता? त्याला तर काहीच माहीत नव्हतं. थांब म्हटलं असतं तर जगला असता."

हर्षितने रुमाल नीट घडी करून खिशात ठेवला.

"एकटा भगीरथ मेला असता तर कुणीतरी शंका घेतली असती. वाचवायला गेलेलाही मेला, की अपघातच वाटतो."

रंजितांनी स्वतः त्याच्या हातात बेड्या घातल्या. बाहेर रिक्षा थांबली. तिच्यातून भावांची आई, भिमी, उतरत होती. तिला एकाच मुलाचं कळवलं होतं.